खानझोडे आणि ताटाचं गाणं

गेल्या आठवड्यात आयर्लंडमधल्या कॉर्कच्या एका सुपरमार्केटात मी कांदे निवडत होते. छतातल्या स्पीकरवर कुठलंतरी जुनं इंग्रजी गाणं लागलं होतं. माझ्या शेजारची बाई त्या तालावर मान हलवत, मजेत बटाटे भरत होती. आणि मी हातात कांदा धरून मनाशी म्हणत होते, हे ओरिजिनल नाही. ओरिजिनलमध्ये इथे सॅक्सोफोन असणार. ह्यांनी व्हायोलिनं घालून सगळं गुळचट करून टाकलंय.

आता खरं सांगायचं तर मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. शाळेत समूहगीताच्या वेळी बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, मीनल, तू नुसते ओठ हलव. अशा माणसाने कांद्यांसमोर उभं राहून सॅक्सोफोनची काळजी करावी, हा काही माझा स्वभाव नव्हे. हा रोग मला लावला गेला. लावणाऱ्या माणसाचं नाव धनंजय खानझोडे.

मी सहा वर्षं या माणसाबरोबर एका ऑफिसात काम केलं आणि त्याच्याच गाडीतून जा-ये केली. ऑफिस डब्लिनच्या एका टोकाला, सँडीफोर्डला, आम्ही दोघंही राहायला दुसऱ्या टोकाला, ल्यूकनला, दोन गल्ल्यांच्या अंतरावर. मी प्रोग्रॅम लिहायचे आणि खानझोडे त्यातल्या चुका काढायचे. टेस्टर होते. मूळचे नागपूरचे, पन्नाशी उलटलेले, उंच, किंचित वाकलेले, आणि बाराही महिने अंगात तोच करडा स्वेटर. आयरिश मंडळींना नाव झेपेना म्हणून ते ऑफिसात 'डॅन' झाले होते. आमची मॅनेजर म्हणायची, "युअर मॅन डॅन इज ग्रँड, पण त्याच्या घरच्यांचं कसं होत असेल देव जाणे." ती हे हसत म्हणायची. मला तेव्हाही हसू यायचं नाही.

चुका काढणं हे त्यांचं पोटापाण्याचं काम होतं, इथवर ठीक. पण सहा वाजता लॅपटॉप मिटला की माणसाने थांबावं की नाही? ऑफिसच्या किचनमधल्या किटलीचं झाकण नीट बसत नव्हतं. आपण काय करू? हाताने दाबून धरू. खानझोड्यांनी तिच्यावर बग टाकला, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुकीची करतात तशी नोंद केली. रीतसर. पायऱ्या: एक, किटली भरा, दोन, बटण दाबा. अपेक्षित: झाकण बंद राहावं. प्रत्यक्ष: झाकण उघडतं. गंभीरता: मध्यम. आणि ते छापून कपबशांच्या कपाटावर, ज्याला इथे सगळे प्रेस म्हणतात, त्याच्यावर चिकटवलं. मी वैतागून म्हटलं, "अहो, नवीन किटली आणायला तुम्हाला जास्त सोपं गेलं असतं." त्यावर म्हणाले, "नवीन आणली की जुनीत काय बिघडलं होतं ते कधीच कळत नाही, मीनल." असं काही बोलले की पुढे वाद घालता यायचा नाही, आणि किटलीचं झाकण तर उघडंच राहायचं.

पण किटली परवडली. खरा छळ गाडीत होता.

गाडी त्यांची, म्हणून गाणं त्यांचं. गाणी नव्हे, गाणं. एकच. अमेरिकेतलं जुनं रिदम अँड ब्लूजचं गाणं, नाव 'लीव्ह माय प्लेट ऑन द स्टोव्ह'. खानझोडे त्याला ताटाचं गाणं म्हणायचे. कामावरून उशिरा येणारा एक माणूस बायकोला सांगतोय, माझं ताट शेगडीवर झाकून ठेव. पहिल्या कडव्यात तो हे सांगतो. दुसऱ्या कडव्यात ताट सुकत चाललंय, रस्सा घट्ट झालाय, दिवा मंद केलाय. तिसऱ्या कडव्यात दाराशी पावलं वाजतात, माणूस घरी पोचतो आणि जेवायला बसतो. बास, एवढंच. तीन मिनिटांचा मामला.

या तीन मिनिटांची त्यांच्याकडे चौसष्ट रूपं होती. एका लांबट वहीत सगळ्यांची नोंद. क्रमांक, गाणारा, देश, कडवी किती, आणि शेवटच्या रकान्याचं नाव: 'काय बिघडवलं'. एम-फिफ्टी हायवेवर गाड्यांची रांग लागलेली, पाऊस काचेवर, मला साडेनऊची मीटिंग, आणि शेजारी हे शिकवणी घेतायत.

"हे बघ, क्रमांक एक. लुईझियानातला काळा गायक. आवाज ऐक, खरखर ऐकून राहिली ना? हा माणूस खरंच दमून आलाय. ही रेकॉर्ड विकली गेली ती त्यांच्याच वस्त्यांमधे. मग क्रमांक दोन. दोन महिन्यांत. चार गोरी पोरं, एकसारखे कोट. आता ऐक."

चार गोरी पोरं गायला लागायची. मला बरी वाटायची, खरं सांगते.

"पाणी घातलं," खानझोडे म्हणायचे. "रश्शाचा उल्लेख काढून टाकला. दिवा काढून टाकला, कारण दिवा मंद केला म्हटलं की लोकांच्या मनात नको ते येईल. उपास असल्यासारखं म्हणून राहिलेत. आणि हीच देशभर खपली. त्या पहिल्याला काही मिळालं नाही. थांब, मागे घेतो."

'थांब, मागे घेतो' हे त्यांचं पालुपद. कुठलंही गाणं रंगात आलं की यांचं बोट बटणावर. मागे जायचं, तीच ओळ पुन्हा, मग मूळ गाण्यातली तीच ओळ, मग पुन्हा ही. त्या सहा वर्षांत मी त्यांच्या गाडीत कुठलंही रूपांतर सलग ऐकल्याचं मला आठवत नाही. गिटारवाली इंग्लिश पोरं, ज्यांना रस्सा म्हणजे काय ते कळलं नव्हतं. जमैकातला एक जण, ज्याचं गाणं खानझोड्यांना मनातून आवडायचं, पण 'ताल उलटा' म्हणून नोंद करायचे. डिस्कोवाली बाई. फिनलंडचा एक बुवा. मायक्रोवेव्हची एक जाहिरातसुद्धा होती, क्रमांक एक्कावन, आणि तिच्यापुढे त्यांनी रकान्यात फक्त 'सर्व' असं लिहिलं होतं. एकोणीस नंबरला एक आयरिश शोबँड होता. त्या काळी इथल्या गावोगावच्या हॉलमधे असे बँड फिरायचे, सूटबूट घालून अमेरिकेतली गाजलेली गाणी वाजवायचे आणि लोक नाचायचे. त्यांच्यापुढे लिहिलं होतं, 'सॅक्सोफोन उत्तम, बाकी लगीनघाई'.

एकदा मी कंटाळून विचारलं, "पण हेच गाणं का? जगात दुसरी गाणी नाहीत का?"

तेव्हा त्यांनी कधी नव्हे ते बोट बटणावरून काढलं. इंजिनिअरिंगला असताना, नागपूरच्या हॉस्टेलवर, कुणाच्या तरी काकाने परदेशातून आणलेली एक कॅसेट हाती लागली होती. तिच्या एका बाजूला शेवटी हे गाणं. पण दुसऱ्या कडव्याच्या शेवटी टेप संपायची. कट् करून. ताट सुकतंय, दिवा मंद झालाय, आणि पुढे काही नाही.

"बारा वर्षं," खानझोडे म्हणाले. "बारा वर्षं मला माहीत नव्हतं की तो माणूस घरी पोचतो का नाही. मग इथे आलो, एका जुन्या रेकॉर्डच्या दुकानात पूर्ण ऐकलं. पोचतो, मीनल. तिसऱ्या कडव्यात पोचतो."

मला त्या दिवशी जरा वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फिनलंडचा बुवा लागला आणि ते वाटणं गेलं.

आता यातली खरी संतापाची गोष्ट सांगते. हा माणूस, ज्याला गाण्यातला माणूस घरी पोचण्याची एवढी काळजी, स्वतः घरी पोचायचा नाही. म्हणजे गाडी पोचायची. मला माझ्या गल्लीच्या तोंडाशी सोडून साडेसातला गाडी त्यांच्या दारात लागायची. आणि खानझोडे गाडीतच बसून राहायचे. गाणं चालू असायचं ना. लोकांची गाणी मध्येच थांबवून मागे घेणारा माणूस, पण स्वतःच्या दारात म्हणायचा, गाणं अर्धवट तोडत नसतात. एक संपलं की तुलनेसाठी दुसरं. मी कधी दूध आणायला निघाले की पावणेआठला, आठला, मला ती गाडी दिसायची, इंजिन बंद, आत करडा स्वेटर, मान खाली. इथल्या उन्हाळ्यात तर लख्ख उजेड असायचा तेव्हा. घराच्या पुढच्या खिडकीत त्यांची मुलगी मुक्ता उभी दिसायची. आणि आतून वैशालीवहिनी, त्यांची बायको, त्याच गाडीत बसलेल्या नवऱ्याला फोन करायची: "ताट वाढलंय. या आता."

रोज. अगदी हेच शब्द. मी गाडीत असताना कधी फोन आला तर स्पीकरवर यायचा, म्हणून मला पाठ झालेत. खानझोडे "हो, आलोच" म्हणायचे आणि तीन मिनिटांची आणखी तीन मिनिटं करायचे. वहिनी जवळच्या मेनूथ गावी एका वृद्धाश्रमात नोकरी करायची, दिवसभर म्हाताऱ्यांना भरवून यायची, आणि वर हे. मी तिच्या जागी असते तर गाडीवर बादली ओतली असती.

मुक्ता सतरा वर्षांची होती तेव्हाची दिवाळी. ल्यूकनच्या कम्युनिटी हॉलमधला आमचा मराठी मंडळींचा कार्यक्रम मी बसवत होते. मुक्ता इथेच वाढलेली. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र पक्क्या डब्लिनी इंग्रजीत. तिने गिटार घेऊन ताटाचं गाणं म्हणायचं ठरवलं. मला धसका बसला, पण पोरगी हट्टाला पेटली होती. म्हटलं म्हण बाई.

तिने सुरेख म्हटलं. मला कळत नाही, पण हॉलमधली पोरंटोरं चिवडा खायची थांबली होती, त्यावरून सांगते. पहिलं कडवं, दुसरं कडवं. ताट सुकलं, दिवा मंद झाला. आणि तिने गिटारच्या तारांवर हात ठेवला आणि थांबली. संपलं. तिसरं कडवं नाहीच.

मला वाटलं विसरली. आत गेल्यावर मी तिला म्हटलं, "अगं, घाबरलीस का? एक कडवं राहिलं."

ती म्हणाली, इंग्रजीतच, मी मराठीत सांगते: "राहिलं नाही, मावशी. मी ते ताट रोज बघते. तो येत नाही."

खानझोडे कार्यक्रमात एक शब्द बोलले नाहीत. शहाण्यासारखे बसले, टाळ्या वाजवल्या. मला केवढं बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मेल आली. मुक्ताला, आणि कार्यक्रमाची आयोजक म्हणून एक प्रत मला. डिफेक्ट एक: चाल मूळ गाण्यापेक्षा संथ, गंभीरता कमी. डिफेक्ट दोन: दुसऱ्या कडव्यात शेवटचा सूर लांबवला; गंभीरता मध्यम. डिफेक्ट तीन: तिसरं कडवं गाळलं, माणूस घरी पोचत नाही, गंभीरता सर्वोच्च, गाणं या अवस्थेत लोकांसमोर आणू नये.

मी गाडीत त्यांना म्हटलं, "तुम्हाला काही वाटतं का हो? स्वतःच्या पोरीवर बग टाकलात?"

ते खरोखर गोंधळले. "पोरीवर नाही टाकला. गाण्यावर टाकला. पहिले दोन किरकोळ आहेत, तसं लिहिलंय ना मी." आणि मग हळूच, "आवाज चांगला आहे तिचा. ते लिहायला रकाना नसतो."

रकाना नसतो. ऐका.

मुक्ताने उत्तरात दोनच शब्द पाठवले होते: 'वोन्ट फिक्स'. आमच्या धंद्यात प्रोग्रॅम लिहिणारा हे उत्तर देऊ शकतो. चूक दिसते, पण दुरुस्त करणार नाही. बापाचीच भाषा शिकलेली पोरगी. तिने ती मेल छापून फ्रिजवर लावली, आणि त्या दिवसापासून घरात गाणं बंद. गिटार कपाटावर गेली. पुढच्या सप्टेंबरात मुक्ता गॉलवेला कॉलेजला गेली, गिटार घेऊन. फोन यायचा तो आईला. बाबांशी बोलणं म्हणजे 'हाय' आणि 'सी या'. फ्रिजवरची मेल वहिनीने काढली नाही. खानझोड्यांनीही काढली नाही. दूध घ्यायला फ्रिज उघडायचे तेव्हा ती त्यांच्या नाकासमोर यायची.

पोरगी तुटत चालली होती आणि हा माणूस गाडीत तिसरं कडवं वाजवत होता. मी म्हणायचे, "फोन करा, सॉरी म्हणा, संपवा." ते म्हणायचे, "पण कडवं गाळलं होतं, मीनल. हे कसं नाकारू?" कपाळावर हात मारून घ्यायचा, दुसरं काय.

मग वहिनीनेच काडी पेटवली. एका संध्याकाळी तिने सहज सांगितलं की आश्रमात डर्मट नावाचे एक आयरिश आजोबा आलेत, चहा देताना तुमचं ताटाचं गाणं गुणगुणत असतात. "पण शेवटचं म्हणत नाहीत," ती म्हणाली. "दोनच कडवी." आजोबा तरुणपणी शोबँडमधे सॅक्सोफोन वाजवायचे, आणि जुन्या रेकॉर्डचा एक खोका अजून जवळ बाळगून होते. खानझोड्यांनी वही काढली. एकोणीस नंबर.

रविवारी दुपारी आम्ही मेनूथला गेलो. मी कशाला? तर रेकॉर्ड प्लेअर धरून बसायला कुणीतरी हवं होतं. डर्मट आजोबा खिडकीपाशी बसले होते, नव्वदीला टेकलेले, केस नीट विंचरलेले. त्यांनी खाटेखालचा खोका काढायला सांगितला. त्यांची एक आत्या शिकागोत कुणाच्या तरी घरी स्वयंपाकाला होती. तिने नाताळला पाठवलेली तबकडी. वरचं कव्हर पिवळं पडलेलं, त्यावर आत्याच्या अक्षरात भाच्याचं नाव आणि तारीख.

खानझोड्यांनी सुई ठेवली. बाईचा आवाज आला. नुसता पियानो आणि एक बाई. तीच चाल, पण संथ. शेगडीवर ताट ठेवलंय असं ती सांगतेय, ती, वाट बघणारी. ताट सुकतं. दिवा मंद होतो. शेवटचा सूर ती लांबवते. आणि मग पियानो थांबला आणि सुई खरखरत राहिली.

खानझोड्यांनी सुई उचलून पुन्हा ठेवली. चार वेळा. मग कव्हरवरची तारीख वाचली. त्यांच्या क्रमांक एकच्या दीड वर्ष आधीचा नाताळ होता. तबकडीवर गाणं लिहिणाऱ्याचं नाव होतं, तेही त्या बाईचंच.

"तिसरं कडवं?" त्यांनी विचारलं.

"अ शुअर, ते नंतर जोडलं रेकॉर्ड कंपनीवाल्यांनी, पुरुषाच्या आवाजात काढताना," डर्मट आजोबा म्हणाले. "आम्हीपण तेच वाजवायचो. हिच्या गाण्यावर नाचणार कोण? शनिवारी लोकांना घरी पोचणारा माणूस लागतो."

खानझोड्यांनी वही उघडली. चौसष्टच्या चौसष्ट ओळींचे क्रमांक एकेकाने खाली सरकवावे लागणार होते. मला वाटलं त्याचंच दुःख चाललंय. मग म्हणाले, मराठीत, माझ्याकडे न बघता, "तिन्ही बरोबर होते. संथ चाल, लांबवलेला सूर, तिसरं कडवं. तिन्ही."

आजोबांनी विचारलं काय म्हणतायत. मी सांगितलं, ह्यांची मुलगी हे गाणं असंच म्हणायची.

"म्हणायची? आता नाही म्हणत?"

खानझोडे प्लेअरची वायर गुंडाळत बसले.

आणि तुम्हाला वाटेल, इथे त्यांना शहाणपण आलं. छे. त्याच संध्याकाळी त्यांनी मुक्ताला मेल केली. डिफेक्ट एक, दोन, तीन: बंद. शेरा: ही चूक नाही, चूक टेस्टरची. पुरावा जोडला आहे. सोबत तबकडीचा फोटो, कव्हरवरच्या तारखेचा फोटो, आणि गाण्याचं रेकॉर्डिंग. सोमवारी गाडीत मला दाखवलं तेव्हा चेहऱ्यावर चक्क समाधान होतं. मी वाचलं आणि माझं डोकं सणकलं.

"अहो, एवढं सगळं जोडलंत, त्यात 'माझं चुकलं बाळा' कुठेय?"

"टेस्टरची चूक असं लिहिलंय की."

मंगळवारी उत्तर आलं. एक ओळ. तिचा अर्थ असा: ती रेकॉर्ड सापडली नसती तर?

हे उत्तर त्यांनी मला कँटीनमधे दाखवलं. फोन टेबलावर ठेवला, माझ्याकडे फिरवला आणि म्हणाले, "काय लिहू?" मी म्हटलं, मला विचारू नका. त्या दिवशी घरी येताना गाडीत गाणं लागलं नाही. बुधवारी नाही, गुरुवारीही नाही. मी सहा वर्षं ज्याच्यासाठी देवाला हात जोडत होते ती शांतता मिळाली होती आणि मला ती सहन होईना. गुरुवारी मीच म्हटलं, लावा हो फिनलंडचा. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

शुक्रवारी वहिनीचा मला फोन. शनिवारी दुपारी मुक्ता गॉलवेच्या एका पबमधे गाणार होती. आईला सांगितलं होतं. "बाबांना आण म्हणाली नाही," वहिनी म्हणाली, "आणू नको असंही नाही म्हणाली. माझी तर ड्यूटी आहे, सहापर्यंत. हे जायचं म्हणतायत. तू जा बाई बरोबर, नाहीतर काहीतरी बोलून बसतील." म्हणजे माझा शनिवारही गेला.

अडीच तास गाडी चालवली त्यांनी, गाण्याशिवाय. पबमधे दुपारची गर्दी होती, सूप पिणारी कुटुंबं, एक कुत्रा. कोपऱ्यात मुक्ता आणि फिडल, म्हणजे व्हायोलिनच, घेतलेला एक मुलगा. तिने आम्हाला बघितलं, मान जरा हलवली. आम्ही भिंतीशी बसलो. आणि या माणसाने खिशातून वही काढली. पेनाचं टोपण काढलं. पासष्ट, नाही, आता सहासष्ट असा आकडा लिहिला.

"ठेवा ती वही," मी दातओठ खात म्हटलं.

"सवय आहे गं."

ताटाचं गाणं तिने चौथं म्हटलं. डिसेंबरच्या रात्रीसारखी संथ चाल. पहिलं कडवं झालं. दुसऱ्यात ताट सुकलं, रस्सा घट्ट झाला. दिवा मंद होण्याच्या जागी ती थांबली, आणि दिव्याच्या ओळीऐवजी, त्याच चालीवर, तिने म्हटलं: "ताट वाढलंय, या आता." मराठीत. दोनदा. दुसऱ्यांदा अगदी हळू, वहिनी फोनवर म्हणायची तशी.

पबमधे कुणाला काही कळलं नाही. सूप पिणारे पीत राहिले. मी खानझोड्यांकडे बघायचं धाडस केलं. चौसष्ट जणांनी या गाण्यात केलेल्या बिघाडांपेक्षा हा मोठा बिघाड होता. ओळच बदलली, भाषाच बदलली. त्यांनी पेन खाली ठेवलं होतं. दोन्ही हात मांडीवर, शाळेत बसतात तसे.

तिने तारांवर हात ठेवला. टाळ्या झाल्या. टाळ्या संपल्यावर खानझोडे उभे राहिले. मी स्वेटर धरून ओढला, पण उशीर झाला होता.

"परत म्हण," ते म्हणाले.

मुक्ताचा चेहरा मिटला. मी बघितलं तो मिटताना. सतरा वर्षांच्या 'थांब, मागे घेतो'चा अर्थ तिला माहीत होता. मागे घेतो म्हणजे चूक सापडली.

"व्हॉट्स राँग विथ इट?" तिने विचारलं.

"काही नाही चुकलं." ते म्हणाले. "रेकॉर्ड सापडली नसती तरी काही चुकलं नव्हतं. मला ऐकायचंय."

पबमधल्या लोकांना वाटलं बापाला गाणं आवडलंय. कुणीतरी ओरडलं, गो ऑन, पुन्हा म्हण त्याच्यासाठी. तिने फिडलवाल्याला काहीतरी सांगितलं आणि पहिल्यापासून म्हटलं. मी रडले. आणि या माणसाने मला रडवलं याचा मला इतका राग आला की मी त्यांचा चहासुद्धा पिऊन टाकला.

नंतर ती दोघं बाहेर भिंतीशी उभी राहून बोलली. काय बोलली ते मला माहीत नाही आणि विचारलंही नाही. मी कुत्र्याशी खेळत होते. आत येऊन त्यांनी वही खिशात टाकली तेव्हा मी बघितलं, सहासष्टच्या पुढे सगळे रकाने रिकामे होते.

"लिहिलं नाहीत?"

"लिहीत बसलो की ऐकायचं राहतं," ते म्हणाले, जसं काही हे त्यांना जन्मापासून ठाऊक होतं.

परतताना त्यांनी गाणं लावलं. ती डर्मट आजोबांची बाई. अथलोनपर्यंत मला बरं वाटलं, पुढे नेहमीचं डोकं उठलं, कारण ती परत परत लागत होती. पण बोट बटणाकडे गेलं नाही, हे मान्य करायला हवं. ल्यूकनला पोचलो तेव्हा साडेसात झाले असतील, उजेड होता. मला गल्लीशी सोडायचं विसरून त्यांनी गाडी थेट स्वतःच्या दारात लावली. बाई दुसऱ्या कडव्यात होती. ताट सुकत होतं. फोन वाजला, नेहमीसारखा. मी सीटवर मागे टेकून बसले. म्हटलं, आता तीन मिनिटं, कदाचित सहा.

खानझोड्यांनी फोन उचलला नाही. हात पुढे केला आणि गाणं बंद केलं. ऐन कडव्याच्या मध्ये. कट्.

"अहो, संपू द्या ना," मी म्हटलं. माझ्या तोंडून गेलं.

"वैशालीने ताट वाढलंय," ते म्हणाले, आणि दार उघडून उतरले.

पुढच्या महिन्यात मला कॉर्कला नोकरी मिळाली आणि मी ल्यूकन सोडलं. फोन होतात अधूनमधून. पण माझ्यासाठी खानझोडे म्हणजे ती पाठ आहे: करडा स्वेटर, किल्ल्या शोधणारा हात, दार उघडतंय, आत दिवा, आणि वहिनीचा चकित झालेला चेहरा. मग दार लागलं. आणि मी त्या बंद गाडीत पट्टा लावलेला तसाच ठेवून बसून राहिले, चिडून, कारण माझं गाणं अर्धवट राहिलं होतं.